निरोपाआधीची कट्टी

प्रश्न : नमस्कार ताई, माझी लेक दहा वर्षांची आहे, पाचवीत. पहिलीपासूनची तिची एक मैत्रीण या महिनाअखेर शाळा सोडून दुसऱ्या गावी चालली आहे. वडिलांची बदली. दोघी एका बेंचवर बसतात, जाता-येता बरोबर, एकीला ताप आला की दुसरीचं तोंड उतरलेलं. बातमी कळली त्या रात्री लेक रडली नाही. उलट पुढच्या आठवड्यात तिने बेंच बदलून घेतला. घरी येऊन सांगते, ‘ती मला आता आवडत नाही. खोटारडी आहे.’ त्या मुलीच्या आईचा फोन आला होता, त्यांची मुलगी रोज रडत झोपते म्हणून. मी लेकीला समजावलं, रागावले, गोडीगुलाबीने सांगून पाहिलं. तिचं एकच, ‘ती जाईल त्या दिवशी मी शाळेत जाणार नाही.’ मिस्टर म्हणतात, मुलं आहेत, आठ दिवसांत विसरेल, तू कशाला एवढं लावून घेतेस.

मी का लावून घेते ते सांगते. मी सातवीत असताना माझी मैत्रीणही अशीच गेली. निघायच्या आदल्या संध्याकाळी ती मला भेटायला घरी आली. मी मागच्या खोलीत दडून बसले आणि आईला सांगायला लावलं, की मी घरी नाही. दाराच्या फटीतून मला तिच्या चपला दिसत होत्या. बराच वेळ उभी होती ती. आज मी एकोणचाळीस वर्षांची आहे. तिची प्लॅस्टिकची एक पट्टी अजून माझ्याकडे आहे, मागच्या बाजूला कर्कटकाने नाव कोरलेली. मध्यंतरी तिचा फोटो आणि नंबर मिळाला. सहा महिने झाले, मी काही लिहिलेलं नाही.

लेकीला जबरदस्तीने शाळेत पाठवू का? आणि मी त्या मैत्रिणीला लिहू का, की इतक्या वर्षांनी ते विचित्र दिसेल?

— दाराआडची

उत्तर : आधी दोन्ही उत्तरं देऊन टाकते, उगाच जीव टांगणीला नको. लेकीला जबरदस्तीने पाठवू नका. मैत्रिणीला मात्र लिहा, आणि फार दिवस लावू नका. आता सावकाश बोलू.

मी चोवीस वर्षं शाळेत शिकवलं, बहुतेक पाचवी ते सातवीचे वर्ग. दरवर्षी दोन-चार मुलं तरी मध्येच शाळा सोडून जायची. सुरुवातीला मला एक गोष्ट उमगायची नाही. बदलीची बातमी वर्गात फुटली, की पंधरा दिवसांच्या आत जाणाऱ्या मुलाचं त्याच्या सगळ्यात जवळच्या मित्राशीच वाजायचं. कारण काहीही. खोडरबर परत दिलं नाही, खेळताना मुद्दाम आउट दिलं, दुसऱ्याच कुणाशी बोलला. मी दोघांना समोरासमोर उभं करायची आणि हात मिळवायला लावायची. ते मुकाट्याने मिळवायचे आणि माझी पाठ वळली की तोंडं फिरवायचे. मला वाटायचं, थोडे दिवस राहिलेत तर नेमकं आताच काय खूळ घेतलं या पोरांनी!

खूळ नव्हतंच ते. घर बदलायचं मोठ्यांनी ठरवलं, कुठल्या तारखेला तेही मोठ्यांनी. सामान कधी भरायचं, नवी शाळा कुठली, सगळं परस्पर ठरलेलं. या सगळ्यात दहा वर्षांच्या पोराच्या हातात उरतं काय? कट्टी. तेवढी एक गोष्ट अजून त्याच्या मर्जीने होऊ शकते. शिवाय जिच्याशी कट्टी आहे ती गेली तर फारसं लागणार नाही, असा एक हिशेब मनात असतो. तो चुकतो, पण चुकला हे कळायला वर्षं जातात. किती जातात ते तुम्हीच लिहिलं आहे. तुमच्या लेकीने बेंच बदलला तेव्हाच तिने निरोप घ्यायला सुरुवात केली, तिला जमेल त्या रीतीने.

मोठी माणसं तरी वेगळं काय करतात म्हणा. नोकरी सोडायचं एकदा ठरलं की त्या ऑफिसातला पंखासुद्धा शेवटच्या महिन्यात कटकट करायला लागतो.

पण तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी अडखळले. ‘खोटारडी’. ‘आवडत नाही’ असं मूल रागाच्या भरात म्हणतं, त्याला कारण लागत नाही. ‘खोटारडी’ म्हणायला मात्र काहीतरी घडलेलं असावं लागतं. माझे दोन अंदाज आहेत. एक तर दोघींचं काहीतरी ठरलेलं असणार, दहावीपर्यंत एकाच बेंचवर, असं काहीतरी. मुलं असले करार फार गंभीरपणे करतात आणि मोठ्यांना त्यांचा पत्ता नसतो. दुसरा अंदाज मला जास्त खरा वाटतो. बदलीचं त्या मुलीला आधीपासून माहीत असावं आणि ‘नक्की होईपर्यंत कुणाला सांगू नकोस’ अशी घरून तंबी असावी. म्हणजे ती महिनाभर शेजारी बसून होती, हसत होती, आणि हे पोटात ठेवून होती. तुमच्या लेकीला जाण्यापेक्षा हे जास्त झोंबलेलं असू शकतं.

तेव्हा समजावणं थांबवा आणि एवढंच विचारा, ‘काय खोटं बोलली गं ती?’ विचारून गप्प बसा. तिने काहीही सांगितलं तरी त्या मुलीची बाजू घेऊ नका. ‘अगं, तिला बिचारीला काय माहीत’ हे वाक्य ओठांवर येईल, ते गिळा. आपली आई आपल्या रागाच्या बाजूने बसली आहे एवढं मुलीला कळलं की राग बराचसा उतरतो. मग त्याच्याखाली जे आहे ते वर येतं. ते वर येताना रडू येईल, तर येऊ द्या.

आता मिस्टरांचं. त्यांच्यावर चिडू नका, लेकीला त्रास होऊ नये म्हणूनच ते तसं बोलतात. पण ‘मुलं आहेत’ हे वाक्य मला पटत नाही. हॅरी स्टॅक सलिव्हन नावाचे एक अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होते, १९४९ साली वारले. साधारण साडेआठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांबद्दल त्यांनी एक गोष्ट फार नेमकी टिपली आहे. त्याआधी मूल खेळायला सवंगडी शोधतं, कुणीही चालतो. या वयात मात्र एक विशिष्ट मूल जिवलग होतं, आणि त्याचं सुख आपल्या सुखाइतकंच मोलाचं वाटायला लागतं. मी काय केलं म्हणजे तिला बरं वाटेल, हा विचार आई-बाप, भावंडं सोडून बरोबरीच्या एका परक्या पोरीसाठी पहिल्यांदा मनात येतो. पुढे ज्याला आपण प्रेम म्हणतो त्याची सुरुवात इथे होते, असं सलिव्हन मानत. म्हणजे तुमची लेक या गोष्टीत अगदी नवी आहे, आणि पहिल्याच खेपेला हे पुढ्यात आलं आहे.

केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये ज्या दुःखांना आजूबाजूचे लोक दुःख म्हणून मोजतच नाहीत त्यांच्याबद्दल लिहिलं. कुणी गेलं तर लोक भेटायला येतात, रजा मिळते, रडायला मुभा असते. मैत्रीण गाव सोडून गेली तर यातलं काहीच नाही. वरून ‘नवीन मैत्रिणी मिळतील’. मिळतील, यात शंका नाही. पण ज्याची छत्री आत्ता वाऱ्याने उडाली त्याला पुढच्या पावसाळ्यातल्या छत्रीचं काय सांगायचं? एकदा सहज मिस्टरांना विचारून पाहा, कपाटात सत्तावीस वर्षं ठेवलेली ती पट्टी कुणाची आहे?

आणि तरीही त्यांचे ‘आठ दिवस’ मी अगदीच उडवून लावणार नाही. का ते सांगते.

माझ्या वर्गातला एक मुलगा वर्षाच्या मध्येच गेला. हजेरीपटावर त्याच्या नावावर मी लाल रेघ ओढली होती. दुसऱ्या दिवशी सवयीने त्याचा नंबर पुकारला गेला, आणि शेवटच्या बेंचवरून त्याचा मित्र म्हणाला, ‘हजर.’ वर्ग हसला. मी वर पाहिलं, तो काही थट्टा करत नव्हता. मान खाली, पेन्सिलीने बेंच कोरत होता. मी पुढचा नंबर पुकारला. त्याच्या पुढच्या दिवशी मी तो नंबर गाळला. त्याने मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं, की तिसऱ्या दिवसापासून मी पुन्हा पुकारायला लागले. नियमात कुठेच बसणारं नव्हतं. पाच-सहा दिवस आमचं हे असं चाललं. मुलं हसायची बंद झाली, दोघा-तिघांनी त्याच्याबरोबर ‘हजर’ म्हणायलाही सुरुवात केली. मग एक दिवस मी नंबर पुकारला आणि तो शेजारच्याशी कसल्या तरी चित्रावरून वाद घालत होता. त्याने ऐकलंच नाही.

आठ दिवस! तुमच्या मिस्टरांच्या हिशेबाच्या आतच. पण ते आठ दिवस त्याला मिळाले होते. तुम्ही दाराआड होतात त्या संध्याकाळनंतर तुम्हाला असा एकही दिवस मिळालेला दिसत नाही. दुसऱ्या दिवशी शाळा, गृहपाठ, सगळं जिथल्या तिथे. आईनेही पुन्हा विषय काढला नसावा. बिचारीला वाटलं असेल, पोर विसरली.

तर लेकीला तेवढी जागा कशी करून द्यायची ते बघू.

पहिलं काम तुमचं, आणि अवघड आहे. तिला त्या संध्याकाळची गोष्ट सांगा. समोर बसवून नको, मुलं समोरासमोर बसवली की चौकशी लागल्यासारखी आखडतात. कपड्यांच्या घड्या घालताना, केस विंचरून देताना, दिवा घालवल्यावर अंथरुणात, अशा वेळी सांगा. मागची खोली, दाराची फट, चपला, सगळं. तुम्ही का दडलात तेही, जेवढं आठवतं तेवढं. आणि तिथेच थांबा. ‘म्हणून सांगते, तू तरी जा’ हे शेपूट जोडलंत की गोष्टीचा धडा होतो, आणि धडे तिला शाळेत भरपूर आहेत. ती काही बोलणार नाही कदाचित. दोन दिवसांनी भलत्याच वेळी विचारेल, ‘मग ती किती वेळ उभी होती?’ तेव्हा खरं उत्तर द्या.

पट्टी दाखवायची का? मागितली तर दाखवा.

मग निरोपाचं. मोठ्यांच्या डोक्यात निरोप म्हटलं की समारंभ येतो. फळ्यावर रंगीत अक्षरं, दोन शब्द बोल बाळा, सगळ्यांनी टाळ्या वाजवा. जाणारं मूल खांबासारखं उभं, राहणारं शेवटच्या रांगेत. मी स्वतः असे कितीतरी समारंभ केले, आणि आता वाटतं ते बहुतेक आम्हा शिक्षकांच्या समाधानासाठीच होते. तुमच्या लेकीला शेवटच्या दिवशी शाळेत जायचं नाही याचं अर्धं कारण हे असू शकतं, की सगळ्यांसमोर रडू आलं तर काय. ती भीती रास्त आहे.

दोघींच्या मैत्रीत एकही समारंभ नव्हता. होती ती मधली सुट्टी, जाता-येताची वाट, वहीच्या मागच्या पानावरचे खेळ. निरोपही त्याच मापाचा असू द्या. एखाद्या साध्या दिवशी, शेवटच्या दिवसाच्या चार-पाच दिवस आधीच, दोघींना तासभर एकत्र सोडा. काहीतरी करायला असू द्या हातात. अर्धवट राहिलेलं चित्र, एखादा न संपलेला खेळ, दप्तर आवरणं सुद्धा चालेल. बोलायला बसवू नका. एखादी वस्तू अदलाबदल करायची असेल तर कुठली ते त्या ठरवतील, आणि ती नवीकोरी विकत आणलेली नसलेलीच बरी. झिजलेली पेन्सिल चालते. नाव कोरलेली पट्टी किती टिकते ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्या मुलीच्या आईशी आधी बोलून ठेवा, म्हणजे दोन्हीकडून ‘अगं मिठी मार ना तिला’ होणार नाही.

आणि एवढं करूनही ती म्हणाली, मी भेटणारच नाही, तर? तर नाही. हात धरून नेलेल्या मुलाचा निरोप त्याचा राहत नाही, तो तुमचा होतो. फक्त एक करा. ‘तू नाही आलीस तरी मी जाऊन येणार आहे, काही द्यायचं असेल तर दे’ असं सांगून ठेवा. बरीच मुलं शेवटच्या क्षणी हातात काहीतरी कोंबतात, दुमडून दुमडून नखाएवढी केलेली चिठ्ठी. ती उघडू नका. आणि काहीच दिलं नाही तरी तिला कळू द्या, की निरोप काही त्या दिवसापुरताच नसतो. महिन्याने, सुट्टीत, पुढच्या वर्षीसुद्धा ‘मी तेव्हा आले नाही’ असं सांगता येतं. तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही, म्हणून तुम्ही ती संध्याकाळ शेवटची धरून बसलात.

जाता जाता माझं. मी चौथीत असताना आमचंच बिऱ्हाड हललं. मी रडेन म्हणून मला आदल्या रात्रीपर्यंत सांगितलंच नव्हतं. घरच्यांचा हेतू चांगला होता. मला आजही कुणी ‘तुला नंतर सांगते’ म्हटलं की पोटात कालवतं. त्यामुळे तारीख, वार, सगळं लेकीला स्पष्ट सांगा. मनातल्या मनात दिवस मोजायला मिळणं हाही निरोपाचाच भाग आहे.

पुढचं थोडं कटू आहे. ‘आपण रोज फोन करू’, ‘कायम बेस्ट फ्रेंड’ असल्या शपथा त्यांच्यात होतील, त्या होऊ द्या. पण तुम्ही त्यात भर घालू नका. जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकाने २०१८ मध्ये नव्या ओळखीची जवळची मैत्री व्हायला किती वेळ लागतो ते मोजून पाहिलं, तेव्हा आकडा दोनशे तासांच्या पुढे निघाला. हे काम मोठ्यांवर आणि कॉलेजच्या मुलांवर केलेलं होतं, आणि कामाच्या किंवा वर्गाच्या निमित्ताने शेजारी बसण्याचे तास त्यात फारसे उपयोगी पडले नाहीत. हुंदडण्याचेच तास कामी आले. तरी गणित करून बघा. मधली सुट्टी आणि जाण्या-येण्याची वाट मिळून रोजचा एक तास धरला, तरी एका शालेय वर्षात दोनशे होतात. या दोघींची ही पाच वर्षं. एवढ्या तासांची जागा आठवड्याला दहा मिनिटांचा फोन घेईल हे तिला सांगणं म्हणजे तिच्याशी खोटं बोलणं, आणि सध्या ती खोटं फार पटकन पकडते आहे.

त्यापेक्षा एकच गोष्ट ठरवून द्या, पाळता येईल अशी. दर दुसऱ्या रविवारी व्हिडिओ कॉल, किंवा महिन्याला एक पत्र, खरंखुरं, पाकिटातलं. सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांनी शाळा संपवून बाहेर पडलेल्या ३० मुलामुलींचा १८ महिने पाठपुरावा केला होता. मुलींची मैत्री बोलत राहिल्याने तगली, मुलांची एकत्र काहीतरी करत राहिल्याने. तीसच जणं होती आणि तुमच्या लेकीपेक्षा बरीच मोठी, त्यामुळे ते फार ताणायला नको. माझा अनुभव विचाराल तर दहाव्या वर्षी मुलींनाही कॅमेऱ्यासमोर ‘बोल काहीतरी’ म्हटलं की सुचत नाही. दोघी आपापल्या घरी एकच चित्र काढत बसल्या तर अर्धा तास सहज जातो.

आणि तो रविवार हळूहळू चुकायला लागला तर? लागेल बहुधा. अ‍ॅरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे, की अंतरामुळे मैत्री लगेच तुटत नाही, फक्त तिचा व्यवहार थांबतो, पण फार काळ भेट नसली तर माणसं मैत्रीही विसरतात. त्याने पुढे आणखी एक प्रश्न विचारला आहे. लहानपणीच्या मित्रांपैकी एक पुढे गेला, दुसरा होता तसाच राहिला, आवडीनिवडी जुळेनाशा झाल्या, तर पहिल्याने त्याच्याशी अगदी परक्यासारखं वागावं का? त्याचं उत्तर, नाही. कधीकाळी जवळ होतो याची आठवण ठेवून परक्यापेक्षा थोडं जास्त त्याला द्यावं. मला हे ‘थोडं जास्त’ फार आवडतं. लेकीला हे एवढं आत्ता सांगायची गरज नाही. कॉल चुकायला लागले की ती स्वतःला किंवा मैत्रिणीला दोष देईल, तेव्हा कामी येईल.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात लेकीकडे जरा जास्त लक्ष असू द्या. जाणाऱ्याला नवं घर, नवे चेहरे असतात, मन गुंतायला शंभर गोष्टी. राहणाऱ्याला तोच रस्ता, तोच नळ, तोच बेंच, फक्त एक जण कमी. वर्गशिक्षकांना आधीच कल्पना देऊन ठेवा. रिकाम्या जागेवर दुसऱ्याच दिवशी कुणाला बसवू नका म्हणावं, आणि महिनाभर ती रिकामीही ठेवू नका. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप, जेवण, शाळेत जाणं यांचं बिनसलेलंच राहिलं, तर मात्र शाळेच्या समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा. बहुतेक वेळा तशी पाळी येत नाही.

आता तुमची मैत्रीण.

‘विचित्र दिसेल का’ हे तुम्ही एकट्याच विचारत नाही. लारा अ‍ॅकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांनी २०२४ मध्ये नेमकं हेच तपासलं. लोकांना जुन्या मित्राला निरोप लिहायला बसवलं. लिहायची इच्छा होती, पत्ता होता, समोरच्याला आवडेल याची खात्री होती, वेळही दिला होता. तरी पाठवलं एक तृतीयांशाहून कमी जणांनी! जुना मित्र आता अनोळखी माणसासारखाच वाटतो, ही त्यातली अडचण. मग त्यांनी एक साधी युक्ती केली. आधी काही मिनिटं सध्याच्या मित्रांना निरोप पाठवायला लावले, हात मोकळा व्हावा म्हणून. त्यानंतर जुन्यांना लिहिणाऱ्यांची संख्या निम्म्याच्या वर गेली. तेव्हा उद्या सकाळी आधी दोन-तीन रोजच्या मैत्रिणींना काहीबाही पाठवा, आणि त्याच झोकात तिचं नाव उघडा.

काय लिहायचं? सहा महिन्यांत तुम्ही मनात शंभर मसुदे केले असतील आणि प्रत्येकाची सुरुवात ‘ओळखलंस का’ने होत असेल. त्याने सुरुवात करू नका, तिला परीक्षेला बसवल्यासारखं होतं. सत्तावीस वर्षांचा अहवाल नको, नवरा-मुलं-नोकरी नको, लांबलचक माफीही नको. लांब माफी वाचणाऱ्यालाच सांत्वन करायला बसवते. मी तुमच्या जागी असते तर नाव सांगून एकच वाक्य लिहिलं असतं. ‘त्या संध्याकाळी मी घरीच होते.’

तिला आठवत असेल तर याहून जास्त लागणार नाही. आठवत नसेल तर ती विचारेल, कुठल्या संध्याकाळी, आणि मग तुम्ही सांगाल. मला तर वाटतं, तिला तेव्हाच माहीत होतं. मैत्रीण घरी नाही असं सांगितल्यावर बारा वर्षांची मुलगी बराच वेळ दारात का उभी राहील? दाराला फट तिच्याही बाजूने होतीच की. पण हा माझा अंदाज, खरं काय ते तिलाच ठाऊक.

उत्तर येणारच नाही असंही होऊ शकतं. नंबर बदललेला असेल, ती कशात तरी अडकलेली असेल, किंवा तिला ते दार उघडायचं नसेल. तेव्हा ती आत आणि तुम्ही बाहेर अशी अदलाबदल होईल. थोडा वेळ उभ्या राहा आणि घरी या. दुसरा निरोप पाठवू नका.

लिहाल तेव्हा लेक घरात असेल तर लपवून लिहू नका. आणि सोबत फोटो पाठवायचा झाला, तर तुमचा आत्ताचा नको, पट्टीचा पाठवा. मागच्या बाजूचा. प्लॅस्टिकवरचं कोरीव काम फोटोत नीट उठत नाही, खिडकीशी जरा तिरकी धरून काढा.